आडरानातला धबधबा: जायचं कसं आणि परतायचं कसं

प्रसिद्ध धबधब्याला पाटी असते, कठडा असतो, वाहनतळ असतो. लहान धबधब्याला यातलं काहीच नसतं. बहुतेक वेळा नावही नसतं. ओढा कुठेतरी कातळावरून दहा-पंधरा मीटर खाली पडतो, खाली छोटा डोह, भोवती झाडी, आणि तिथे पोचेपर्यंत तो आहे की नाही याचीच खात्री नसते. अशा ठिकाणी जायचं तर कठड्याचं आणि पाटीचं काम आपलं आपण करावं लागतं. ते कसं करायचं, हे पहिल्या टप्प्यापासून सांगतो.

एक गोष्ट आधीच मनात घट्ट बसवा. धबधबा तुमच्यासमोर पडत असला तरी त्याचं पाणी येतं वरच्या, तुम्हाला न दिसणाऱ्या रानातून. तिथे काय चाललंय ते खाली उभ्या माणसाला कळत नाही. पुढचे बरेचसे सल्ले या एका अडचणीतून आलेले आहेत.

आधी नकाशावर जा

समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा घ्या, कागदी किंवा मोबाइलवरचा. ओढा निळ्या रेषेने दाखवलेला असतो. हंगामी असेल तर ती रेषा सहसा तुटक असते. समोच्च रेषा ओढ्याला ओलांडताना इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी टोकदार होते, आणि ते टोक नेहमी ओढ्याच्या उगमाकडे असतं. डोंगराच्या सोंडेवर उलट होतं, टोक उताराकडे येतं. एवढं ओळखता आलं की घळ कुठली आणि सोंड कुठली यात गोंधळ होत नाही.

आता निळ्या रेषेवरून बोट फिरवा. जिथे समोच्च रेषा एकमेकींना चिकटायला लागतात तिथे पाणी उभ्या कड्यावरून पडत असण्याची शक्यता मोठी. मात्र १:५०,००० प्रमाणाच्या नकाशात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, आणि दोन समोच्च रेषांमध्ये बऱ्याचदा २० मीटर उंचीचं अंतर असतं. म्हणजे १५ मीटरचा अख्खा धबधबा दोन रेषांच्या मधल्या कोऱ्या पट्टीत दडू शकतो, आणि रेषांवर त्याची खूणही उमटत नाही. लहान धबधबे नकाशात सापडत नाहीत त्याचं हे एक साधं कारण. अशा वेळी उपग्रहचित्र उपयोगी पडतं. कोरड्या ऋतूतलं चित्र मिळालं तर पाहा. झाडीतून उघडा कातळाचा पट्टा किंवा ओढ्याच्या मधोमध कड्याची आडवी सावली दिसते का ते शोधा.

मग पाणलोट मोजा. धबधब्याच्या जागेपासून सुरुवात करून दोन्ही बाजूंच्या डोंगरधारांवरून बोट फिरवत उगमाच्या मागे एकत्र आणा. जो आकार तयार झाला, तेवढ्या रानात पडणारा पाऊस याच ओढ्याला येणार. समजा हा आकार एक चौरस किलोमीटर भरला. त्यावर फक्त १० मिलिमीटर पाऊस पडला तरी ते पाणी एक कोटी लिटर होतं. सगळं ओढ्यात उतरत नाही, बरंचसं माती पिते. पण माती आधीच भिजून तृप्त असेल तर मोठा वाटा खाली धावतो, आणि वाट एकच असते. वर एखादं धरण किंवा बंधारा आहे का हेही याच वेळी बघून घ्या. तिथून पाणी सोडलं तर खाली स्वच्छ ऊन असतानाही ओढा फुगतो.

नकाशानंतर माणसं. त्या रानात गुरं चारणारी, लाकूडफाटा आणणारी, वनरक्षक म्हणून फिरणारी माणसं जे सांगतील ते कुठल्याही ॲपमध्ये नसतं. पण प्रश्न नीट विचारायला हवा. ‘किती लांब आहे?’ याचं उत्तर ‘हे काय, इथंच’ असं येतं, आणि रोज डोंगर चढणाऱ्याचं ‘इथंच’ आपल्याला दोन तास पुरतं. त्यापेक्षा विचारा: शेवटचं कधी गेला होतात? पाणी वाढलं की कुठली जागा बंद होते? कोणी पडलं-झडलंय का, आणि कुठे? रान राखीव असेल किंवा खासगी मालकीचं असेल तर परवानगीचं कामही इथेच उरका.

दिवस कुठला

लहान पाणलोटाचा ओढा चढतो झटपट आणि उतरतोही झटपट. मोठ्या नदीचा पूर यायला दिवस लागतात. इथे वर जोराची सर आली की तासाभरात, कधी त्याच्याही आत, पाणी खाली पोचतं. म्हणून पाऊस चालू असताना जाणं हा जुगार आहे, आणि पाऊस थांबून आठवडा लोटला तर कातळावरून नुसता ओघळ येताना दिसतो. चांगला पाऊस होऊन गेल्यावरचा दुसरा-तिसरा कोरडा दिवस मला सगळ्यात पसंत. पाणी गढूळपणा सोडून निवळलेलं असतं, धारेत जोर असतो आणि वाटेवरचा चिखलही जरा बसलेला असतो.

हवामानाचा अंदाज बघताना स्वतःच्या घराचा नव्हे, तर पाणलोटाच्या माथ्याचा बघा. डोंगरमाथ्यावर पायथ्यापेक्षा पाऊस जास्त पडतो, आणि बरेच ढग दुपारनंतर चढतात.

बर्फ वितळून वाहणाऱ्या ओढ्यांचं गणित वेगळं. तिथे पाऊस नसतानाही पाणी रोज चढतं-उतरतं. पहाटे सगळ्यात कमी, आणि दुपार उलटल्यावर, दिवसभराचं वितळलेलं खाली पोचतं तेव्हा सगळ्यात जास्त. सकाळी पोटरीएवढ्या पाण्यातून सहज आलेला माणूस संध्याकाळी त्याच जागी अडकतो.

घड्याळाचा हिशेब

स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा अजून चालतो. मेट्रिक मापात तो साधारण असा: सपाटीवर ताशी ५ किलोमीटर, आणि प्रत्येक ६०० मीटर चढाईला वर एक तास. एका बाजूला ४ किलोमीटर चाल आणि ३०० मीटर चढ असेल तर ४८ मिनिटं अधिक ३० मिनिटं, म्हणजे सव्वा तासाहून थोडं जास्त. हा हिशेब बऱ्या वाटेवरच्या तंदुरुस्त माणसाचा, आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. ओल्या जंगलात, मुळं-दगड चुकवत, मी तो सरळ दीडपट करतो. लहान मुलं सोबत असतील तर दुप्पट.

लोक फसतात ते मात्र दुसऱ्याच जागी. डोंगरावर जाताना चढ आधी असतो आणि उतार नंतर. धबधब्याच्या डोहाशी जाताना पुष्कळदा उलटं होतं: पठारावरून घळीत उतरायचं आणि दमल्यावर चढून परत यायचं. जाताना वाटलेली मजा बघून परतीचा वेळ ठरवू नका. त्यात घळीत अंधारही लवकर पडतो, कारण सूर्य मावळायच्या कितीतरी आधी डोंगरधारेआड जातो आणि झाडीखाली उरलेला उजेडही गाळून येतो.

म्हणून निघायच्या आधी एक ‘उलट फिरायची वेळ’ ठरवा आणि सगळ्यांना सांगा. सूर्यास्तापासून मागे मोजत या: दोन तास राखीव, परतीची चाल, डोहापाशी घालवायचा वेळ. जे उत्तर येईल त्या वेळेला धबधबा दिसला नसला, नुसता आवाज येत असला, तरी मागे फिरायचं. ‘अजून दहा मिनिटं’ हे वाक्य गटात कोणीतरी बोलणारच. वेळ सकाळीच ठरवून ठेवण्याचं कारण तेच.

घरच्या किंवा ओळखीच्या एका माणसाला वाट, गटातली माणसं आणि ‘इतक्या वाजेपर्यंत फोन आला नाही तर मदत बोलव’ ही वेळ लिहून द्या. तोंडी सांगितलेलं विसरलं जातं.

पाठीवर काय

बूट सगळ्यात महत्त्वाचे. ओल्या कातळावर मऊ रबराचा, खोल नक्षीचा तळवा पकड धरतो. कडक प्लास्टिकसारखा तळवा घसरतो, मग बूट कितीही महाग असो. बुटात पाणी शिरणारच आहे, तेव्हा ते बाहेर पडेल असे जाळीदार बूट मला पाणीबंद बुटांपेक्षा बरे वाटतात. पाणीबंद बूट वरून भरला की बादली होतो. चपला आणि अनवाणी पाय, दोन्ही नकोत.

सुती कपडे भिजले की अंगाला चिकटतात आणि ऊब खेचून घेतात. कृत्रिम धाग्याचे कपडे घाला, आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड बंद पिशवीत ठेवा. खांद्याएवढी मजबूत काठी, प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी, कपाळाला बांधायची विजेरी (मोबाइलचा दिवा नव्हे, कारण उतरताना हात मोकळे लागतात), लवचिक पट्टी आणि जखमेची पट्टी, प्यायचं पाणी, कोरडा खाऊ. मोबाइल पाणीबंद पिशवीत आणि विमान मोडवर. रेंज शोधत राहिला की बॅटरी दुपारीच संपते. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

रानातली वाट

वाट चुकण्याची सुरुवात फाट्यावर होते. पण बहुतेक जण जाताना नाही, येताना चुकतात. जाताना दोन वाटा एकत्र येऊन एक होते तेव्हा तिथे फाटा आहे हे आपल्याला कळतसुद्धा नाही. परत येताना तीच जागा दोन तोंडं करून समोर उभी राहते. यावर उपाय एकच: दर थोड्या वेळाने, आणि प्रत्येक जोडावर, थांबून मागे वळून बघा. परतताना दिसणार आहे ते दृश्य आत्ताच डोळ्यांत भरा, वाटल्यास फोटो काढा.

ढोरवाटा फार फसव्या. माणसाच्या वाटेइतक्याच मळलेल्या असतात, पण त्या कुठे पोचत नाहीत. चाऱ्याच्या जागी फुटतात आणि विरून जातात. कमरेएवढ्या उंचीवर फांद्या वाटेवर आडव्या यायला लागल्या की समजा, इथून गुरं जातात, माणसं नाहीत. मागे फिरून शेवटच्या खात्रीच्या जागेशी या.

आवाजावर विसंबू नका. एकदा मी अर्धा तास ‘धबधब्याच्या’ आवाजाच्या दिशेने झाडी रेटत गेलो आणि पोचलो ते वाऱ्यात सळसळणाऱ्या झाडांच्या दाट पट्ट्यापाशी. शिवाय घळीत आवाज समोरच्या कड्यावर आपटून येतो आणि खरा धबधबा पाठीमागे असताना पुढून ऐकू येतो. जीपीएसचंही तसंच. दाट पानांखाली आणि अरुंद घळीत उपग्रहाचे संकेत कातळावर आपटून फिरून पोचतात आणि नकाशावरचा ठिपका भलतीकडे उडी मारतो. ठिपक्यापेक्षा ओढ्याची बाजू, उतार आणि समोरची सोंड यांच्यावर भरवसा ठेवा.

पाय ठेवताना: ओलं मूळ कधीही पायरी म्हणून वापरू नका, ओलांडून जा. विशेषतः उताराला तिरकं गेलेलं, साल निघालेलं मूळ साबणासारखं असतं. कातळावर काळपट, चकचकीत थर दिसला की पाय टाकू नका. कोरडा, खरखरीत, फिकट दगड शोधा. जिथे उतार इतका तीव्र आहे की हात टेकावे लागतात, तिथे दरीकडे पाठ करून, शिडी उतरतो तसं उतरा. आणि चढून जाता येतं तिथून उतरता येईलच असं नाही, हे वर चढण्याआधी आठवा.

जळवा लागल्या तर उपटून काढू नका. नखाची कड तिच्या तोंडाशी सरकवून सुटी करा आणि जागा धुऊन पट्टी लावा. बाकी काही करावं लागत नाही.

ओढा ओलांडताना

इथे घाई करणारा माणूस गटात असेल तर त्याला सगळ्यात मागे ठेवा.

पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो: वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. त्यामुळे खोली तीच दिसली तरी सकाळचा ओढा आणि दुपारचा ओढा वेगळे असतात. जोरात धावणारं १५ सेंटिमीटर पाणीसुद्धा धडधाकट माणसाचे पाय उचलू शकतं. वेग मोजायची सोपी रीत: काठावर दहा मीटर अंतर पावलांनी मोजा आणि वरच्या टोकाला एक काटकी पाण्यात टाका. तिने सात सेकंदांच्या आत ते अंतर कापलं, तर पाणी तुमच्या चालण्यापेक्षा वेगाने जातंय. असं पाणी गुडघ्याच्या वर असेल तर ओलांडायचं नाही. तळाशी दगड गडगडल्याचा घुमणारा आवाज येत असेल तर वेग मोजायचीही गरज नाही.

ओलांडायला अरुंद जागा मोहात पाडते, पण अरुंद म्हणजे खोल आणि वेगवान. ओढा पसरट होतो, तळाशी बारीक खडे दिसतात, ती जागा बरी. वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी काठ खरवडतं, तिथे खोली जास्त. जागा निवडली की खाली बघा: इथे पाय सुटला तर मी कुठे जाईन? खाली पडलेलं झाड, मोठ्या दगडांची चिंचोळी फट किंवा कड्याची धार असेल तर ती जागा बाद. धबधब्याच्या माथ्याशी ओढा ओलांडणं कुठल्याही परिस्थितीत नाही, पाणी घोट्याएवढं असलं तरीही.

आणि बघताना हे ध्यानात ठेवा की स्वच्छ पाणी वरून पाहिलं तर आहे त्याच्या पाऊणपटच खोल दिसतं, कारण पाण्यातून बाहेर पडताना प्रकाश वळतो. गुडघ्याएवढं वाटलेलं पाणी मांडीला लागतं.

बूट घालूनच उतरा. सॅकचा छातीवरचा पट्टा सोडा. तोंड प्रवाहाच्या उगमाकडे, काठी पुढे रोवलेली, थोडं खालच्या दिशेला तिरकं सरकत, एका वेळी एकच पाय उचलायचा. गट असेल तर हातात हात अडकवून, सगळ्यात दणकट माणूस वरच्या अंगाला. स्वतःला दोर बांधून ओढ्यात उतरू नका. पाय सुटला की दोर ताणला जातो आणि पाणी माणसाला तळाशी दाबून धरतं.

वाहून जायला लागलात तर वेगवान पाण्यात उभं राहायचा प्रयत्न करू नका, पाय दगडांत अडकतो. पाठीवर व्हा, पाय पुढे, आणि हातांनी काठाकडे तिरके सरका. पुढे कडा असेल तर मात्र पाठीवर राहायला वेळ नाही. पालथं होऊन सगळी ताकद लावून जवळचा काठ गाठायचा.

डोहापाशी

पोचलात. आता लगेच पाण्यात जाऊ नका, पाच मिनिटं नुसतं बघा.

पहिला निर्णय बसायच्या जागेचा, आणि तो पुष्कळ लोक चुकवतात. सॅक नेहमी परतीच्या वाटेच्या काठावर ठेवा, पलीकडच्या सुंदर सपाट दगडावर नाही. पाणी वाढलं तर तुम्ही ओढ्याच्या योग्य बाजूला असायला हवं. त्यातही काठापासून वर. किती वर? झाडांच्या बुंध्यांना आणि दगडांच्या फटींत अडकलेला पालापाचोळा बघा. ती पुराने सोडलेली रेषा असते. तिच्या वर बसा.

दुसरं काम, एक खुणेचा दगड निवडा: काठाचा, अर्धा पाण्यात, अर्धा बाहेर. दर दहा मिनिटांनी कोणीतरी त्याच्याकडे बघायचं. मुलांना हे काम फार आवडतं आणि ती ते चोख करतात.

तिसरं, हातवारे ठरवा. धबधब्याच्या घोंगावण्यात वीस पावलांवरची हाक ऐकू येत नाही. ढगांचा गडगडाट, वरून सुटलेला दगड, मागून येणारं जनावर, काहीच ऐकू येत नाही. दोन्ही हात डोक्यावर म्हणजे ‘लगेच बाहेर या’, एवढी एक खूण तरी सगळ्यांना माहीत हवी. वीज चमकून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की अंतर किलोमीटरमध्ये कळतं, हा हिशेब इथे निरुपयोगी आहे. डोहापाशी आकाश काळवंडताना दिसलं की निघायचं.

थेट धारेखाली उभं राहण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण ओढ्याबरोबर दगड आणि ओंडकेही येतात. २० मीटरवरून सुटलेला दगड दोन सेकंदांत खाली येतो आणि पोचताना त्याचा वेग ताशी सुमारे ७० किलोमीटर असतो. धारेच्या पायथ्याशी ताज्या फुटीचे, कडा धारदार असलेले, शेवाळ न धरलेले दगड दिसले तर ते नुकतेच पडलेत. तिथून लांब राहा.

पांढऱ्या फेसाचं पाणी दिसायला मऊ असतं, पण ते अर्धं हवा असतं. हवा मिसळलेलं पाणी माणसाला नीट तोलत नाही. चांगला पोहणाराही त्यात खाली जातो, आणि धारेच्या पायथ्याचा उलटा भोवरा त्याला पुन्हा पुन्हा धारेखाली ओढतो. पुष्कळ धबधब्यांत वरचा थर कठीण आणि खालचा मऊ असतो. मऊ थर झिजून आत पोकळी होते, आणि पोहणारा त्या पोकळीत ढकलला जाऊ शकतो. म्हणून पाण्यात उतरायचंच असेल तर डोहाच्या शेपटाकडून, जिथे पाणी उथळ होऊन बाहेर पडतं, तिथून. चालत, हळू, तळ चाचपत. उडी नाही: फेसाखाली काय आहे ते कोणालाच दिसत नाही, आणि मागच्या पुराने डोहात काय आणून टाकलंय ते मागच्या वर्षी पोहून गेलेल्यालाही ठाऊक नसतं.

पाणी थंड असेल, साधारण १५ अंश सेल्सियसच्या खाली, तर एकदम शिरताच श्वास आपोआप जोरात ओढला जातो. त्या क्षणी डोकं पाण्याखाली असलं तर पाणी छातीत जातं. ही धाप एक-दोन मिनिटांत ओसरते. तोवर उथळ पाण्यात थांबा, मानेवर पाणी घ्या. उघडी जखम असेल तर पाण्यातच जाऊ नका. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू कातडीच्या चिरांतून शिरतात.

तेच पाणी पिण्यालाही योग्य नसतं, कितीही काचेसारखं दिसलं तरी. वर गुरं आहेत, रानातली जनावरं आहेत. एक मिनिट खळखळून उकळा. समुद्रसपाटीपासून २,००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं.

धबधब्याच्या माथ्यावर जाऊन खाली डोकावायचं का? नको. माथ्याचा कातळ पाण्याने घासून घासून गुळगुळीत झालेला असतो, त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो, आणि घसरल्यावर धरायला काही नसतं. खालून दिसतं त्यापेक्षा वरून काही जास्त दिसतही नाही.

फोटोबद्दल थोडक्यात: रेशमासारखी धार हवी तर पाव ते एक सेकंद शटर उघडं ठेवा, कॅमेरा दगडावर टेकवा, आणि ढगाळ उजेड निवडा. इंद्रधनुष्य हवं तर सूर्य पाठीशी हवा आणि फार वर नको, कारण ते सूर्याच्या बरोबर विरुद्ध बिंदूपासून सुमारे ४२ अंशांवर उमटतं. पूर्वेकडे तोंड असलेल्या धबधब्यावर ते सकाळी मिळतं, पश्चिमेकडच्यावर दुपार कलल्यावर. धबधब्याचं तोंड कुठे आहे ते नकाशावरच कळलेलं असतं.

पाणी चढायला लागलं तर

खुणेचा दगड बुडाला. निवळ पाणी चहासारखं झालं. पानं-काटक्या तरंगत यायला लागल्या. मातीचा वास आला. आवाज जड झाला. यातलं एक जरी जाणवलं तरी चर्चा करू नका, उठा. उलट, पाणी अचानक कमी झालं तर तेही वाईट: वर दरड किंवा ओंडके अडकून बांध झालेला असू शकतो, आणि तो फुटतो.

पळायचं ते ओढ्याच्या दिशेने खाली नाही, बाजूच्या उतारावर वर. पाणी तुमच्यापेक्षा वेगाने खाली येतं. सॅक हाताशी असेल तर घ्या, नाहीतर राहू द्या. आणि चुकून ओढ्याच्या पलीकडे अडकलात तर ओलांडायचा विचार सोडून द्या. उंच जागी जा, कोरडे कपडे चढवा, एकमेकांना चिकटून बसा. हा ओढा लहान आहे. वरचा पाऊस थांबला की काही तासांत तो उतरायला लागतो. रात्र काढावी लागली तरी ती काढलेली परवडते.

परतताना वाट हरवली तर

थांबा, बसा, पाणी प्या, नकाशा काढा. शेवटची खात्रीची जागा कुठली ते आठवा, आणि ती जवळ असेल तरच मागे जा.

‘ओढ्याच्या कडेने खाली उतरत गेलं की वस्ती लागते’ हा सल्ला तुम्ही ऐकला असेल. धबधब्यांच्या मुलखात तो विसरा. एका ओढ्यावर एक धबधबा असला की खाली बहुधा आणखी असतात. माणूस एक टप्पा घसरत उतरतो, पुढच्या कड्यावर थांबतो, आणि आता वरही जाता येत नाही. अंधार होत असेल तर आहात तिथेच, पाण्याच्या आवाजापासून लांब थांबा, म्हणजे तुमची शिट्टी ऐकू जाईल. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. आल्प्समध्ये १८९४ पासून चालत आलेला हा मदतीचा इशारा गिर्यारोहक सगळीकडे ओळखतात. उत्तरात मिनिटाला तीन शिट्ट्या येतात. विजेरीनेही हेच करता येतं. फोन लागत नसेल तर संदेश पाठवून बघा. क्षीण रेंजमध्ये बोलणं होत नाही तिथे संदेश कधी कधी निघून जातो.

मागे काय ठेवायचं नाही

कचरा परत आणायचा हे सांगायला नको. न सांगितलं जाणारं थोडं सांगतो. साबण डोहात नको, ‘नैसर्गिक’ लिहिलेलाही नको. शौचाला पाण्यापासून किमान ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा करून, आणि कागद परत आणायचा. वाटेत चिखल आला तर त्यातूनच जा. चुकवून बाजूने गेलं की वाट दरवर्षी रुंद होत जाते. तुषारांनी सतत ओल्या राहणाऱ्या कातळावरची शेवाळं आणि नेचे यांना तेवढाच हात-दोन हातांचा पट्टा जगायला मिळालेला असतो. त्यांना धरून चढू नका. ती तुमचं वजन पेलतही नाहीत.

ठिकाणाचे अक्षांश-रेखांश सगळ्यांसाठी टाकायचे की नाही, यावर मित्रांत माझे वाद होतात. माझं मत: विचारणाऱ्या माणसाला वाट सांगावी, धोक्यांसकट. नुसता ठिपका टाकला की लोक ठिपक्याकडे येतात आणि पुराची रेषा, उलट फिरायची वेळ, अडकायची जागा यांतलं काहीच त्यांच्यापर्यंत पोचत नाही.

घरी आल्यावर बूट घासून चिखल काढा आणि पूर्ण कोरडे होऊ द्या. बेडकांच्या अनेक जाती संपवणारी कायट्रिड बुरशी ओल्या बुटांवरून एका ओढ्यातून दुसऱ्या ओढ्यात जाते, आणि नीट वाळवलं की ती मरते.

पण बुटांच्याही आधी, रेंज येताच, सकाळी ज्याला वेळ लिहून दिली होती त्या माणसाला फोन करा. तो घड्याळाकडे बघत बसलेला असतो.